चिंगी, दीडपाव तोंडली आणि वेळापत्रकातला एक तास

मी पुण्यातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून जाते, आणि माझ्याकडे पोरं येतात ती नव्वद टक्के तक्रारी घेऊनच येतात. म्हणजे तक्रार पोराची नसते, पोराबद्दलची असते. चिंगीचं पण तसंच होतं. (नाव बदललंय, घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील पण हलवलेत.) चौथीत होती, ऑगस्ट महिना, पहिली घटक चाचणी नुकतीच झालेली. वर्गशिक्षिकांनी चिठ्ठी पाठवली, त्यात तीन ओळी. लक्ष नसते. वही अपूर्ण. उलट बोलते. आणि खाली कंस करून, एडीएचडी (लक्ष न टिकण्याची, अतिचंचलतेची समस्या) आहे का बघावे.

हुशार हा शब्द त्या चिठ्ठीत कुठेच नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. प्रगतिपुस्तकात सगळं मधलं, ना वर ना खाली. वडील रिक्षा चालवतात, आई चार घरी पोळ्या करायला जाते, आणि आजी मंडईत भाजी विकायला बसायची ती गुडघे गेल्यावर दोन वर्षांपूर्वी घरी बसली. ही आजी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी आधी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. ४८ गुणिले २५ असं उदाहरण फळ्यावर, सगळी पोरं हातचे घेऊन उभा गुणाकार करतायत, हिने वहीत लिहिलं १२०० आणि खिडकीतून बाहेर बघत बसली. बाईंनी विचारलं पायऱ्या कुठायत, तर म्हणाली पायऱ्या नाहीच्चेत. हेच ते उलट बोलणं. बाईंनी त्याला अर्धा मार्क दिला, आणि मी बाईंना दोष देत नाही, ४६ पोरं आहेत, पायऱ्या नसल्या की शेजारच्याचं बघून लिहिलंय असंच आधी वाटतं. तास संपल्यावर तिला विचारलं कसं केलंस गं. तर म्हणे पंचवीस म्हणजे शंभराचा पाव, मग अट्ठेचाळीसचाच पाव काढायचा, बारा, आणि बारा शंभर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण पावकी, म्हणजे पावाचा पाढा, कुणीतरी नक्की शिकवली होती.

आमची खोली म्हणजे खेळाच्या मॅट आणि जुने नकाशे ठेवायची जागा, तिथेच एक टेबल. तिथे बसवून गप्पा मारता मारता आजीचं निघालं. आजी दुसरी-तिसरीपर्यंत शिकलेली, पण पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ, औटकीसुद्धा. औट म्हणजे साडेतीन, हा शब्द मी स्वतः माझ्या आजोळी शेवटचा ऐकला होता. धंद्याला लागायचं ते सगळं. पोरगी लहानपणापासून गाळ्यावर गोणपाटावर बसून ते ऐकत वाढलेली. मी म्हटलं बरं सांग, तोंडली साठ रुपये किलो, दीडपाव दे. लगेच म्हणाली साडेबावीस, पण आजी तेवीस घ्यायची आणि दोन तोंडली जास्त टाकायची.

इथपर्यंत मला वाटलं, चला, पाठांतर चांगलं आहे, व्यवहार कळतो. मंडईतली बरीच पोरं असा हिशोब करतात. पण मग तीच म्हणाली, बाई, पावकिलोला ना सुट्ट्याची भानगड होत नाही जर भाव चारच्या पाढ्यातला असला तर, पण दीडपावाला चारने नाही भागत, आठचा पाढा लागतो, म्हणून साठला अर्धा उरतो आणि चौसष्टला उरत नाही. मी दोन मिनिटं गप्प. कारण हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. तिने स्वतःलाच विचारला होता, कधीतरी गोणपाटावर बसून, आणि सोडवून ठेवला होता. नऊ वर्षांची पोर. पटापट उत्तर देणं वेगळं आणि आपलाआपण प्रश्न काढून त्याचा नियम शोधणं वेगळं, आणि माझ्या मते प्रज्ञा ओळखण्याची खरी खूण ही दुसरी आहे, पहिली नाही.

आता चाचण्यांबद्दल, कारण लोकांना त्यातच रस असतो. शाळेत असलेला रेव्हनचा रंगीत आकृत्यांचा संच, म्हणजे आकृतीतला गाळलेला तुकडा ओळखायची बुद्धिमत्ता चाचणी, आधी दिला, त्यात ३६ आकृत्या असतात, तिने ३५ केल्या. ऐकायला भारी वाटतं पण त्यातून काही कळत नाही, कारण मोजपट्टीच संपली. दाराच्या चौकटीला डोकं टेकलं म्हणजे उंची दाराएवढीच आहे असं थोडंच. म्हणून ६० आकृत्यांचा मोठा संच दिला, आणि एका मानसशास्त्रज्ञ मैत्रिणीकडून मालिनची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमत्ता चाचणी करून घेतली. त्यात शाब्दिक भाग वेगळा आणि हाताने करायचा भाग वेगळा, आणि शेवटचा आकडा म्हणजे या दोन भागांची सरासरी. हिचं अंकगणित, साम्य ओळखणं, ठोकळ्यांची नक्षी हे सगळं फार वर, सामान्य ज्ञान वयानुसार, आणि कोडिंग नावाच्या उपचाचणीत बरीच खाली. कोडिंग म्हणजे कॉम्प्युटरचं नव्हे, चिन्हं बघून भराभर पेन्सिलीने उतरवायची असतात. म्हणजे डोकं धावतंय आणि हात मागून चालत येतोय. वही अपूर्ण का राहते त्याचं उत्तर तिथे होतं. सरासरी काढली की हे दोन्ही टोकं एकमेकांत विरघळतात आणि एक बरा दिसणारा आकडा उरतो, ज्याचा वर्गात काहीच उपयोग नाही. शिवाय या चाचणीचे नॉर्म्स, म्हणजे ज्या मुलांशी तुलना करून आकडा काढतात त्यांचे गुण, पन्नासेक वर्षांपूर्वीचे, जुन्या नॉर्म्सवर आकडा फुगून येतो, आणि उलट बाजूला घरात पुस्तकं नसलेल्या पोरांचा शाब्दिक भाग दबून येतो. तेव्हा आकड्याला फार कवटाळू नये.

हात हळू म्हणून एका विशेष शिक्षिकेला पण दाखवलं. बुद्धी जास्त आणि सोबत लिहिण्या-वाचण्याची अक्षमता अशी दुहेरी पोरं असतात, आणि ती सगळ्यात जास्त निसटतात, कारण एक गोष्ट दुसरीला झाकते. हिच्यात तसं काही निघालं नाही. वाचन छान, शुद्धलेखन ठीक, फक्त वेग कमी आणि पेन्सिल मुठीत धरायची सवय. एडीएचडीचं म्हणाल तर तेही नाही, कारण तिला अवघड काम दिलं की चाळीस मिनिटं मान वर होत नव्हती. लक्ष नव्हतं असं नाही, लक्ष लावायला काही नव्हतं.

शिक्षकांच्या नजरेतून हुशार पोरं शोधण्याचा हा घोळ काही आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातली प्रज्ञावान मुलं शोधायला घेतली तेव्हा पहिली चाळणी शिक्षकांनी सुचवलेल्या नावांची होती, आणि पुढची चाळणी बुद्ध्यांकाची. त्यात शॉकली आणि अल्वारेझ अशी दोन पोरं चाचणी होऊनही बाहेर राहिली, पुढे दोघांना फिजिक्सचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ ला. निवडलेल्या दीड हजारात एकालाही नाही. हे मी शिक्षकांच्या मीटिंगमध्ये सांगते तेव्हा सगळे हसतात आणि मग पुन्हा सुंदर हस्ताक्षरवालीचंच नाव देतात.

आता माझी चूक. चूक कसली, दोन चुका.

पहिली म्हणजे रिपोर्ट आल्यावर मी आई-वडिलांना बोलावून आकडा सांगितला. सांगायला नको होता, निदान तसा तरी नको होता. वडिलांच्या डोळ्यात पाणी आलं, मलाही बरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा रिक्षा स्टँडवर पोचला. मग सुरू झालं. स्टँडवरचा काका, बिल्डिंगमधला दादा, किराणावाला, जो भेटेल तो, काय गं चिंगे सतरा अठरे किती. तीनशे सहा म्हणून सांगितलं की वा वा, आणि एखाद दिवशी चुकली की हसायचे, एवढा आयक्यू न् चुकतेस होय. जानेवारीत ती माझ्याकडे यायचीच बंद झाली. गणिताच्या तासाला पोटात दुखायला लागलं. जे पोरगी खेळ म्हणून करत होती त्याची आम्ही सर्कस केली.

दुसरी चूक, शाळेने आणि मी मिळून केलेली. हुशार पोर सापडली म्हटल्यावर तिला ताबडतोब स्कॉलरशिपच्या जादा तासात टाकली. २०१६-१७ पासून ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली होती, ही गोष्ट त्याच काळातली, त्यामुळे शाळा चौथीच्या दिवाळीनंतरच पाचवीची तयारी सुरू करायची. परीक्षा वाईट आहे असं मी म्हणत नाही, मराठी माध्यमाच्या कित्येक पोरांना तिनेच वर आणलंय. पण तिचा बाज काय, दर पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न, पर्यायाचं वर्तुळ काळं करायचं आणि पुढे पळायचं. म्हणजे जी पोर हाताने हळू आणि एका प्रश्नात घुसून बसणारी, तिला आम्ही नेमकं वर्तुळं रंगवायच्या शर्यतीत उभं केलं. सराव परीक्षेत ती मधल्या नंबरात यायची. एका बाईंनी मला ऐकू येईल असं म्हटलंही, कसली प्रज्ञावंत.

आणि गंमत म्हणजे लोकांचे सल्ले येतच होते. पुण्यात हुशार मूल म्हटलं की पहिलं नाव ज्ञान प्रबोधिनीचं निघतं, साहजिक आहे, अप्पा पेंडसेंनी १९६२ मध्ये सदाशिव पेठेत हे काम सुरू केलं आणि पाचवीपासूनची प्रशाला १९६९ पासून चालू आहे. पण आम्ही जागे झालो तोवर त्या वर्षीची फॉर्मची मुदत उलटून गेली होती. कुणी म्हणालं नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या परीक्षेला, बसवा, शिक्रापूरला आहे, राहणं-खाणं सगळं फुकट. तिथे निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, पण तो मुद्दा आलाच नाही, कारण आजीने एका वाक्यात विषय संपवला, पोर माझ्यापाशी निजते. मुख्याध्यापिकांचं म्हणणं एक वर्ष उडवून वरच्या वर्गात घालू. वडील खूश. पण शिक्षण हक्क कायदा वयाप्रमाणे वर्ग सांगतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हिचं फक्त गणित पुढे आहे, लिखाण चौथीचंच आहे आणि दोन जिवाभावाच्या मैत्रिणी चौथीतच आहेत. एका विषयासाठी अख्खी पोर उचलून दुसरीकडे ठेवायची गरज काय.

मार्चमध्ये मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि साधा प्रश्न घेतला, हिला नक्की काय येतं आणि काय नाही. पाचवी आणि सहावीच्या जुन्या वार्षिक पेपरमधले प्रश्न धड्यावारी कापून पाकिटात घातले. वेळ लावली नाही, लिहायचं तेवढंच जेवढं लागेल, बाकी तोंडी. हे काही माझं डोकं नव्हे, वयापेक्षा वरची परीक्षा देऊन बघायची पद्धत अमेरिकेत स्टॅन्ली या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात बारा-तेरा वर्षांच्या पोरांना कॉलेज प्रवेशाची परीक्षा देऊन रूढ केली, माझ्याकडे फक्त पाकिटं होती. निघालं काय, तर अपूर्णांकांत सहावीच्या पुढे. गुणोत्तर-प्रमाण, नफा-तोटा, घरचाच मामला. मसावि-लसावि हे शब्द माहीत नाहीत पण काम माहीत. ऋण संख्या कधी बघितल्याच नव्हत्या, मी उधारी म्हटल्यावर दहा मिनिटांत समजल्या. आणि भूमिती शून्य, कंपास पेटी उघडून कर्कटकाने टेबलावर भोक पाडलं. म्हणजे प्रज्ञावान पोर म्हणजे सगळीकडे पुढे असं नसतं, डोंगर आणि खड्डे दोन्ही असतात, आणि मदत ही डोंगराला आणि खड्ड्याला वेगवेगळी लागते.

मग जून. आता ती पाचवीत, म्हणजे प्राथमिकच्या सकाळच्या अधिवेशनातून माध्यमिकच्या दुपारच्या अधिवेशनात आली, आणि हे आमच्या पथ्यावर पडलं, कारण चौथीत असताना वरच्या वर्गात पाठवायचं म्हटलं तर वरचे वर्ग शाळेतच नसायचे. मी, पाचवीच्या नव्या बाई, सहावीचे गणिताचे सर आणि पर्यवेक्षक असे चौघं स्टाफरूममध्ये वेळापत्रक पसरून बसलो. पाचवी आणि सहावीचा गणिताचा तास आठवड्यातून दोनदाच एकत्र येत होता. पर्यवेक्षकांनी एक चित्रकलेचा आणि एक कार्यानुभवचा तास सरकवून चार जुळवले. या माणसाने बुद्ध्यांक हा शब्द आयुष्यात उच्चारला नसेल, पण चिंगीसाठी सगळ्यात जास्त कुणी केलं असेल तर या दोन सरकवलेल्या तासांनी. चार तास सहावीच्या वर्गात, बाकीचे आपल्या वर्गात, भूमिती पूर्ण आपल्याच वर्गात कारण तिथे तिला पाचवीचंच शिकायचं होतं.

आपल्या वर्गातल्या तासांसाठी पाचवीच्या बाईंशी तह झाला. धडा सुरू करायच्या आधी त्या धड्याचा शेवटचा सरावसंच द्यायचा, दहातली साडेआठ-नऊ बरोबर आली तर तो धडा घोटवायचा नाही, तेवढा वेळ दुसरं काम. पण बाईंची पायऱ्यांची तक्रार मला रास्त वाटत होती, पुढे बोर्डाला पायऱ्यांना मार्क असतात आणि विचार कागदावर मांडता येणं हे पण गणितच आहे. तर ठरलं, दहापैकी दोन उदाहरणं पूर्ण पायऱ्यांसकट, सुवाच्य, बाकी आठ नुसती उत्तरं. दुसरं काम म्हणजे काय याचा आधी पत्ता नव्हता, जादा उदाहरणं देऊन चालत नाही, हुशारीची शिक्षा म्हणून जास्त ओझं असं पोरांना बरोबर कळतं. शेवटी तिलाच विचारलं. तिने आजीच्या सगळ्या पाढ्यांची वही करायला घेतली, आणि प्रत्येक पाढ्याखाली कुठल्या संख्येला पूर्ण उत्तर येतं आणि का, ते लिहायचं. हळू हात असलेल्या पोरीने पावसाळाभरात पाऊण वही भरली.

आणि इथे ती गोष्ट घडली जी मला या प्रकरणात सगळ्यात मोठी वाटते. पालकसभेत एका आईने विचारलं, तिलाच का, आमच्या मुलीला का नाही. बरोबर होतं तिचं. बाई वैतागून म्हणाल्या ठीक आहे, पुढच्या धड्याला आधीची चाचणी सगळ्या वर्गाला देते. दिली. अपेक्षा अशी की चिंगी सोडून सगळे पडतील. तर त्या धड्यात आणखी तिघं पास, आणि पुढे कोनांच्या धड्यात एक पोरगा एकटाच पास, जो कायम शेवटच्या बाकावर, वडील फरशी बसवायचं काम करतात, सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचा, काटकोन नजरेने सांगायचा. त्या धड्यात चिंगी नापास होती. मी इतकी वर्षं आधी शोधा मग मदत द्या असं शिकले होते आणि शिकवत होते, इथे मदत ठेवल्याठेवल्या पोरं आपणहून दिसायला लागली. नंतरच्या वर्षी बाईंनी हे माझ्याशिवायच चालू ठेवलं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चौथ्या प्रकरणात विशेष प्रज्ञा असलेल्या मुलांबद्दल थोडं लिहिलंय, बी.एड.मध्ये या विषयाचं स्पेशलायझेशन असावं असंही म्हटलंय. वाचायला छान. अपंगत्वाचं सर्टिफिकेट असलं की शाळेकडे सवलत मागता येते, जास्त वेळ, लेखनिक वगैरे, आणि ते असायलाच हवं. चिंगीसारखीला मागायला असा कागद नाही, त्यामुळे सगळं त्या चार माणसांच्या मर्जीवर. सहावीचे सर मधे दोन महिने निवडणुकीच्या कामाला गेले तेव्हा बदली शिक्षकांनी तिला वर्गातून परत पाठवलं, आमच्या पटावर नाव नाही म्हणून. तिचंही चूक नाही, त्यांचंही नाही. मग मुख्याध्यापिकांच्या सहीचं अर्ध्या पानाचं पत्र करून ठेवलं, ते आता दर जूनला नवीन करतो.

घरी आजीने काम केलं. स्टँडवरच्या प्रश्नमंजुषेचं मी वडिलांना दोनदा समजावलं, ते हो हो म्हणायचे. आजी काठी टेकत स्टँडवर गेली आणि म्हणाली, पोरीला हिशोब विचारायचा तर आधी एक किलो काहीतरी विकत घ्या. बंद झालं.

आता ती सहावीत आहे, गणित सातवीच्या वर्गात. स्कॉलरशिपला पाचवीत बसली, पात्र ठरली, गुणवत्ता यादीत नाही. शनिवारी भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणिताच्या संस्थेच्या वर्गाला जाते, वडील रिक्षातून सोडतात आणि लॉ कॉलेज रोडला त्याच वेळात दोन भाडी मारतात. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचं आहे, अनुदानित शाळेतल्या साडेतीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांसाठी आहे ती, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आईने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आत्तापासून कागद जमवायला घेतलेत.

सगळं छान चाललंय असं नाही. गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात पहिल्यांदा तिला एक गोष्ट तीन वेळा समजावूनही कळली नाही, समीकरणात दोन्ही बाजूंना चल (क्ष वगैरे) आलं की ती अडकते, कारण इतकी वर्षं उत्तर आधी दिसायचं आणि इथे ते दिसत नाही, पायऱ्या कराव्याच लागतात. तिने पान फाडलं. माझ्याकडे येऊन म्हणाली मी हुशार नाहीये बहुतेक. मी म्हटलं फाडलेलं पान आण. चोळामोळा झालेलं दप्तरात होतंच. त्यावर पाच ओळी होत्या, तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलेलं, पण पायऱ्या होत्या, कुणी न सांगता. पाचवीच्या बाईंना दाखवायला ते पान मी ठेवून घेतलं.

पुढच्या जूनचं वेळापत्रक पर्यवेक्षक एप्रिलमध्ये लावतात. सातवी आणि आठवीचा गणिताचा तास सध्या एकदाही जुळत नाहीये. बुधवारचा चौथा तास शारीरिक शिक्षणाशी बदलता येईल का हे त्या सरांना विचारायचंय, चहा पाजून.